अनुमोदकाचा नंबर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्याकडे उभी हयात कारकुनी केली त्या वकीलसाहेबांनाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

आमच्या मोर्शी भागाच्या निवडणुकांचा मला पहिल्यापासून नाद. नागपूरच्या कौन्सिलात आमच्याकडून आधी कोण गेलं, मग कोण, कुणाला कोणत्या गावानं पाडलं, सगळं तोंडपाठ. मतदारयाद्या मी लोक कादंबऱ्या वाचतात तशा वाचत असे. मत तेव्हा सगळ्यांना कुठे होतं? ठरावीक सारा भरणाऱ्यांना, शिकलेल्यांना, असं होतं. त्यामुळे यादीत कोण आहे यापेक्षा कोण नाही हे शोधण्यात मला जास्त गोडी. पुढे अमरावतीच्या एका साप्ताहिकानं माझ्याकडून या मतदारसंघाचा इतिहासच लिहून घेतला. त्यात दुसऱ्या निवडणुकीबद्दल मी एकच वाक्य लिहिलं — देशमुखसाहेब बिनविरोध निवडून आले.

शब्द खरा आहे. सरकारी दफ्तरातही तोच आहे. पण विरोध नव्हता का? होता. त्याचं नाव श्रावण.

श्रावण शेंदूरजनाघाटचा. घरचा भाजीपाल्याचा धंदा, आणि वडिलांनी लावलेली संत्र्याची बाग. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी कारकून झालो आणि तो मला 'तुमी' म्हणू लागला. मी मात्र त्याला 'तू'च म्हणत राहिलो. तेव्हा यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

दर रविवारी बागेतल्या विहिरीपाशी तो लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. वीस-पंचवीस माणसं बसायची, त्यात म्हातारे, मळेवाले, डोक्यावरची टोपली खाली ठेवून थांबलेल्या बायका. तो बोट ठेवून सावकाश वाचायचा. अडलं की थांबायचा, पण सोडून पुढे जायचा नाही. तिथेच कुणीतरी म्हणालं असेल, श्रावणजी, तुमीच उभे राहा. नाल्यावर पूल नव्हता. चिखल झाला की संत्र्यांचे गाडे तिथेच रुतायचे आणि माल जागेवर सडायचा. देशमुखसाहेबांना तीन वर्षं अर्ज करून काही झालं नव्हतं.

तो माझ्याकडे आला. "पंत, उमेदवारीचा कागद तुमीच लिवा. तुमच्या अक्षराले साहेब लोक नावं ठेवत नाईत." मग जरा थांबून म्हणाला, "तिथं कौन्सिलात बसाले खुर्च्या असते का बाकं?" मी म्हणालो, खुर्च्या. त्याला फार हसू आलं.

अर्जावर सूचक आणि अनुमोदक लागायचे. दोघांची नावं, आणि यादीतले नंबर. अनुमोदक म्हणून त्यानं आपल्या शेजारच्या मळ्यातला गणपत धरला होता. यादी मांडीवर घेऊन त्यानं स्वतः नाव शोधलं, ओळीवर बोट ठेवलं आणि मला नंबर वाचून दाखवला. मी लिहिला.

मी खालच्या ओळीचा लिहिला.

ही चूक होती. इथपर्यंत खरोखरच चूक होती. नजर घसरते, कुणाचीही घसरते. कित्येक वर्षं मी स्वतःला गोष्ट इथपर्यंतच सांगत आलो.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी, अर्ज द्यायला अमरावतीला निघण्याआधी, मी यादी कपाटात परत ठेवत होतो. सवयीनं ते पान उघडलं. आणि दिसलं. अर्ज माझ्या कोटाच्या खिशात होता. दौत टेबलावर होती. एक आकडा खोडून दुसरा लिहायचा, शेजारी सही घ्यायची, एवढंच काम.

मी यादी ठेवली आणि कपाट लावलं.

का? मी या 'का'भोवती इतकी वर्षं फिरतोय की आता त्याचा कंटाळाही येत नाही. देशमुखांनी मला काही सांगितलं होतं? नाही. त्यांना माझं नावही माहीत नसेल. वकीलसाहेबांची भीती? ते देशमुखांकडे पानसुपारीला जात, हे खरं. पण त्यांनी मला श्रावणचा अर्ज लिहू दिला होता. हेवा? तो थोडा होता. चौथीत माझ्या पाटीवरून गणितं उतरवणारा पोरगा नागपूरला खुर्चीत बसणार — हे मला नीट गिळता आलं नसावं. पण त्याहून मोठं काहीतरी होतं, आणि ते सांगायची मला लाज वाटते. मला बघायचं होतं. एका आकड्यानं काय होतं — अर्ज तपासणाऱ्या साहेबाच्या लक्षात येतं का, आल्यावर तो काय करतो, एवढा मोठा कारभार एवढ्याशा गोष्टीवर अडतो का? एखाद्या पोरानं मुंग्यांच्या रांगेत काडी टाकावी, तसं. मी मात्र तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो.

अमरावतीपर्यंत मोटरमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. संत्री सोलून एकेक फोड माझ्या हातावर ठेवत होता. "खा नं पंत. काहून गप्प गप्प?" मी म्हणालो, मोटर लागते. तर त्यानं मला खिडकीपाशी बसवलं.

छाननी दोन दिवसांनी झाली. साहेबानं नंबर यादीशी ताडून पाहिला, देशमुखांच्या अमरावतीच्या वकिलानं उठून हरकत घेतली, आणि अर्ज फेटाळला गेला. माझं कुतूहल पाच मिनिटांत भागलं. दुसरा उमेदवारच नव्हता.

कचेरीच्या व्हरांड्यात श्रावणबरोबर आलेले दहा-बारा लोक उभे होते. गणपत मला म्हणाला, "पंत, हे झालं कसं? नंबर कोनाचा चुकला?" सगळे माझ्याकडे बघत होते. श्रावणही बघत होता. त्याच्या नजरेत संशय नव्हता, तो फक्त उत्तराची वाट पाहत होता.

मी म्हणालो, "श्रावणनं वाचून सांगितला तो मी लिहिला."

श्रावणनं आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं. मग गणपतला म्हणाला, "माह्याच डोयाची चूक असंन रे. बारीक अक्षर होतं."

पुढच्या रविवारी त्यानं वर्तमानपत्र वाचलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पेपर यायचा, तो कुणातरी शाळकरी पोराच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "तू वाच बाप्पा, मले आता वरची ओळ खालची दिसते." पोरं भराभर वाचायची, अडलेलं गाळायची. हळूहळू माणसं यायची बंद झाली. पुढच्या निवडणुकीला लोकांनी त्याला पुन्हा विचारलं, तेव्हा तो नाही म्हणाला. देशमुख पुन्हा निवडून आले. नाल्यावर पूल व्हायला अजून अकरा पावसाळे गेले.

आणि तो आपले कागद घेऊन माझ्याकडे यायला लागला. साऱ्याची पावती असो, मुलीच्या सासरचं पत्र असो, काही आलं की शेंदूरजन्याहून मोर्शीला यायचा. गावात वाचणारे होते. तरी माझ्याकडेच. मी वाचून दाखवायचो. कधी वाटायचं, आज सांगावं. मग तो पिशवीतून वांगी काढून ठेवायचा, आणि मी बायकोला चहा टाकायला सांगायचो.

दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगवायू झाला. मी भेटायला गेलो. त्याची बायको गंगूबाई उशाशी बसली होती. तिनं त्याला टेकवून बसवलं आणि अंगणातल्या चुलीकडे गेली. आम्ही दोघंच. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते.

"पंत, एक इचारू?"

"विचार."

"तवा तो नंबर... म्या खरंच चुकीचा वाचला होता काय? मले आजबी ते पान दिसते. माहं बोट गणपतच्याच नावावर दिसते."

म्हणजे इतकी वर्षं तो ते पान बघत होता. मी बघत होतो तसंच.

दार उघडं होतं. बाहेर गंगूबाई लाकडं फोडत होती. आता देशमुख नव्हते, वकीलसाहेब नव्हते, कौन्सिलही नव्हतं. माझं काय जाणार होतं? काहीच नाही. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणालो, "हो श्रावण. चुकीचाच वाचला होतास."

त्यानं मान हलवली. "बरं झालं इचारलं," म्हणाला.

त्यानंतर तो आठ दिवस होता. मी रोज जात होतो.