धुऱ्याला लागेपर्यंत

मी जन्माची भित्री. फोन वाजला की आधी छातीत धस्स होतं, कोणाचा आहे ते नंतर दिसतं. एसटीत बसले की पुढच्या सीटची दांडी घट्ट धरून ठेवते, जणू गाडी माझ्याच भरवशावर चालली आहे. आई म्हणायची, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस." माझ्या पाठीशी तर तो बिऱ्हाड करूनच राहिला होता. अशा बाईनं मास्तरकी का धरली, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

नोकरी लागली ती अकोटच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला असलेल्या एका गावातल्या शाळेत. नववी-दहावीला विज्ञान शिकवायचं. घर अमरावतीला, म्हणून आठवडाभर अकोटला खोली करून राहायचं आणि शनिवारी एसटीनं आईकडे. ती वर्षं शेतीला वाईट होती. गावातलं एखादं घर एकाएकी गप्प व्हायचं आणि त्या घरचं मूल काही दिवस शाळेत दिसायचं नाही. ते परत आलं की मी त्याला धडा कुठपर्यंत झाला एवढंच सांगायची. दुसरं काही विचारलं तर काय ऐकावं लागेल, याची भीती वाटायची.

अकोल्याला एका प्रशिक्षणात सांगितलं होतं की मुलांना गटात बोलू द्या, बोलता बोलता ती शिकतात. मी परत येऊन हौसेनं गट पाडले. प्रत्येक गटात एक हुशार मूल बोलायचं आणि बाकीचे नंदीबैलासारख्या माना हलवायचे. जरा कुठे आवाज वाढला की मुख्याध्यापक दारात यायचे. "बाई, आज आठवडी बाजार हाय काय?" म्हणायचे. मी लगेच फळ्याकडे वळायची.

त्या वर्गात खिडकीशी एक मुलगी बसायची. पायथ्याच्या वस्तीवरून चालत यायची. तिची बोलायची पाळी आली की ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहायची आणि सगळा गट तिच्याकडे बघत बसायचा. ती शांतता मला सोसायची नाही. मीच घाईघाईनं उत्तर सांगून टाकायची, आणि ती ओढणी सोडून द्यायची.

एक दिवस तिच्या शेजारची मुलगी उठली. हिचे अब्बा फवारणीचे पंप दुरुस्त करायचे आणि आई लोकांच्या शेतात निंदणाला, म्हणजे तण काढायला, जायची. तोंडाची फटकळ, कोणाला न भिणारी. मला तिचा हेवाच वाटायचा.

"मॅडम, निंदनाले असं नसते," ती म्हणाली. "तिथं कोनी मांगं राह्यली तं तिले पाहत नाई बसत. आजूबाजूच्या बाया तिची पात जराशी वढून घेतेत."

मग तिनं सगळं समजावून सांगितलं. बाया ओळीनं लागतात, प्रत्येकीची एक पात, म्हणजे पिकाचा पट्टा. एखादी मागे पडली तर शेजारच्या दोघी काही न बोलता तिच्या पातीतलं थोडं निंदून देतात आणि ती बरोबरीला आली की आपल्या पातीवर परततात. शेवटची बाई धुऱ्याला, म्हणजे शेताच्या कडेला, लागेपर्यंत कोणी पाणी प्यायला बसत नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या वर्गात पात लागली. अडला त्याला शेजाऱ्यानं अर्धं वाक्य द्यायचं, पुढचं त्यानं स्वतः ओढायचं. शेवटचा बोलेपर्यंत चर्चा संपली म्हणायचं नाही. खिडकीतली मुलगी कायम शेवटी. एकदा शेजारणीनं तिला "झाडाचे मुळं" एवढं दिलं, आणि बऱ्याच वेळानं ती पुटपुटली, "माती धरून ठेवतेत." साऱ्या वर्गानं श्वास सोडला. मुख्याध्यापक दारात होते. त्या दिवशी ते बाजाराबद्दल काही बोलले नाहीत.

पुढे टाळेबंदी आली. शाळेला कुलूप लागलं आणि मी अमरावतीला अडकले. वर्ग फोनवरच्या ग्रुपमध्ये आला. मी काहीही पाठवलं की मुलं अंगठा पाठवायची. समजलं काय? अंगठा. शंका आहे काय? अंगठा. कोण वाचतंय, कोण जेवतंय, काही कळेना. शेवटी पंपवाल्याच्या मुलीनंच सुचवलं, "मॅडम, फोनवरबी पात लावा ना." तेव्हापासून मी सकाळी एक प्रश्न टाकायची आणि ज्याच्या हाती जेव्हा घरातला फोन येईल तेव्हा तो आवाजात उत्तर पाठवायचा. शेवटचं उत्तर आल्याशिवाय नवा प्रश्न नाही.

भादव्यात कपाशी डोक्याइतकी वाढली आणि फवारणी जोरात सुरू झाली. फवारता फवारता माणसं आडवी होत होती, असं कानावर येत होतं. घाबरूनच मी तो प्रश्न टाकला होता. घरी फवारणी कशी करतात, आणि फवारणाऱ्याला त्रास झाला तर काय करतात?

त्या दिवशी पात झरझर सरकली. कोणी वारा पाहून फवारायचं सांगितलं, कोणी तोंडाला दुपट्टा बांधायचं. पंपवाल्याच्या मुलीनं सांगितलं की वायसर गेला की पंप पाठीवर गळतो आणि माणसाला वाटतं, घाम आला. चुकलं तिथं मी दुरुस्त करत होते. विष अंगावाटे कसं भिनतं, डोळ्यातली बाहुली कशी आकसते, ओले कपडे काढून साबणानं का धुवायचं, तोंडावाटे काही का द्यायचं नाही. दुपारपर्यंत सगळे धुऱ्याला लागले. एकच पात उरली होती, खिडकीतल्या मुलीची.

मी ओट्याशी उभी राहून शेंगा निवडत होते. फोन वाजला. ग्रुपवर तिचाच आवाज आला होता, वर्गात असायचा तसाच खालचा.

"मॅडम, आमच्या घरी ताक पाजतेत. ऊन लागलं म्हनून. मंग झोपू देतेत." मग नुसता श्वास ऐकू आला. "माहा भाऊ आता फवारून आला. झोपला हाय. तोंडातून लाळ येऊन राह्यली. घाम थांबून नाई राह्यला. हे सांगू का चर्चेत?"

मी शेंगा तशाच टाकल्या. तिला फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्या वस्तीवरून आवाज पोचायचा तो घरामागच्या टेकाडावर चढून पाठवला तर, साधा फोन लागेलच असं नव्हतं. मी "आई, आई" एवढंच म्हणत स्वयंपाकघरात फिरत होते. आणि तेवढ्यात हातातला फोन एकामागून एक वाजू लागला.

"डोये पाह्य त्याचे," पंपवाल्याची मुलगी ओरडून सांगत होती. "अंदरचा काया ठिपका बारीक झाला काय, पाह्य पह्यले."

"ताक नको पाजू. कायीच नको पाजू."

"कुशीवर कर त्याले. कपडे काढ. साबन लाव."

"फवारनीची बाटली संग घेजो, डाक्टरले दाखवाले."

सकाळपासून जे तुकड्या-तुकड्यानं जमवलं होतं, ते सगळे तिला परत देत होते. तिची पात दोन्ही बाजूंनी ओढत होते. शेजारच्या गावातल्या एका मुलानं सांगितलं, "मी बाबाले घेऊन निंगालो. आमची मिनिडोर गाडी हाय. रस्त्यावर ये." मग तिचे तीनच शब्द आले, "बारीक झाला हाय." त्यानंतर काही नाही.

मला तेव्हा कशाकशाची भीती वाटली ते सांगते. नाक्यावर पोलीस गाडी अडवतील. घरची माणसं म्हणतील, ऊनच आहे, झोपू द्या. आणि सगळ्यात मोठी भीती फोन पुन्हा वाजण्याची. मी तो कणकेच्या डब्यावर पालथा ठेवला, लगेच उलटा केला, पुन्हा पालथा ठेवला. आई म्हणाली, "बस बापा जराशी." मला बसवेना.

दिवेलागणीला पंपवाल्याच्या मुलीनं कळवलं की अकोटच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं दुसरा निरोप आला, "अकोल्याले नेऊन राह्यले." अकोल्याला, म्हणजे जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, हे वाक्य आमच्याकडे खालच्या आवाजात बोलतात. पुढचं कोणी विचारत नाही, कारण पुढचं बहुतेकांना माहीत असतं. आईनं ऐकलं आणि ती देवापाशी जाऊन बसली.

मग दिवसच्या दिवस काही कळेना. पंपवाल्याच्या मुलीलाही माहीत नव्हतं. मी रोज सकाळी फोन उघडायची आणि तसाच ठेवून द्यायची. नवा प्रश्न टाकणं जमत नव्हतं. टाकला असता तर ती पात मीच मोडल्यासारखी झाली असती. कोणा मुलानंही विचारलं नाही, मॅडम, आज अभ्यास काय? कोणी अंगठासुद्धा पाठवला नाही. सगळी पोरं शेतात उभी असल्यासारखी थांबून होती. वाटायचं, आता एखाद्या दुपारी कोणाचा तरी मोठ्या माणसाचा आवाज येईल आणि तो सांगेल.

फोन दुपारीच वाजला. मी कपडे वाळत घालत होते. हाताला पाणी होतं, तसाच कानाला लावला.

"मॅडम, माही पात राह्यली होती."

तोच आवाज, पण न अडखळणारा. "आमच्या घरी ताक पाजत होते. ते चूक हाय. पह्यले डोये पाहाव. कपडे काढाव. साबनानं धुवाव. कायी पाजू नये. बाटली घेऊन दवाखान्यात न्याव." कोणी अर्धं वाक्य दिलेलं नव्हतं. सगळं तिचं तिनंच ओढलं होतं.

मी आहे तिथंच, ओल्या फरशीवर, खाली बसले. रडू आलं ते आलं. निरोप अजून संपला नव्हता. तिच्या मागून घसा बसलेला एक पुरुषी आवाज आला, अशक्त आणि जरा वैतागलेला.

"कोनासंग बोलून राह्यली वं?"

"थांब ना दादा," ती म्हणाली. "मी वर्गात हावो."