वडिलांचा गोऱ्हा

माझ्या वडिलांना परलोकीच्या वाटेला लावण्याचे काम ज्याच्यावर सोपवले होते, तो मागच्या पायाने अधू निघाला.

त्या वर्षी समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई चालू होती, आणि तिच्यामुळे आमच्या अमरावतीत कापूस सोन्याच्या मोलाने जात होता. शेपूट असलेले प्रत्येक जनावर गाडीला जुंपले गेले होते. नेमके तेव्हाच वडील वारले. अकराव्याला एक गोऱ्हा मोकळा सोडायचा असतो. पुठ्ठ्यावर त्रिशूळाचा डाग देऊन त्याला सोडले, आणि तो आपल्या वाटेने चालू लागला, की गेलेला जीवही मार्गाला लागतो, असे मानतात. अट एकच: गोऱ्हा अव्यंग हवा.

मी शाळामास्तर. मुंडण केलेले डोके घेऊन अनवाणी वलगावला गेलो. तिथे गुणाजी नावाच्या शेतकऱ्याच्या अंगणात एक गोऱ्हा रिकामा बसला होता. (त्या सुगीत गोऱ्हा रिकामा बसलाय, हेच पहिले लक्षण होते!)

"हा बसून का आहे?"

"बसून नाही, मास्तर, ध्यान करून राहिला! धर्माच्या कामाचा हाय तो."

गुणाजीने त्याला उठवले. गोऱ्हा आधी पुढच्या पायांवर उभा राहिला, मग कुत्र्यासारखा बसून विचार करू लागला, आणि शेवटी मोठ्या कष्टाने त्याने मागची बाजू उचलली.

"गुणाजी, गुरं आधी मागून उठतात ना?"

"साधी गुरं उठतात, मास्तर!"

मग चालवून दाखवले. कंबर दोन्हीकडे हेलकावत होती. उजव्या पायाचा खूर मातीत घासत होता आणि मागे लांब रेघ उमटत होती.

"हा पाय ओढतो."

"कुठं वढते? तुमच्या घरी येनार म्हनून आत्तापासूनच रेघोट्या गिरवून राहिला!"

"उजवी मांडी बारीक दिसते."

"तिकडून पाहा ना. तिकडून जाडी हाय."

मी तिकडून पाहिले. डावी मांडी खरोखरच जाड होती! शेवटी धीर करून मी उजवा खुबा चाचपायला हात पुढे केला, तसा गुणाजी ओरडला, "हां, हां! सुतक हाय ना तुमाले? हात लावसान त जनावर विटाळंन. मंग कसा चालन धर्माले?"

मी हात मागे घेतला. लक्षणे सगळी ओळखली, आणि दुसरा मिळेना म्हणून गोऱ्हा विकत घेतला. गुणाजीने तो कापसाच्या गाडीत बसवून पोचवला. (पायी का नाही, हे मी विचारले नाही.)

अकराव्याला गावाबाहेर विधी झाला. डाग दिला, दावे सोडले. गोऱ्हा थोडा चालला आणि खाली बसला. मंत्र थांबले.

"चालला पाहिजे," भटजी म्हणाले. "त्याशिवाय तुमचे वडील मार्गाला लागायचे नाहीत."

वडिलांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितले नव्हते, आणि हे एकच शेवटचे काम मी असे केले होते! मी हात जोडले. गोऱ्ह्याने पुढचे पाय रोवले, मागे बसून राहिला, धापा टाकल्या, कण्हला आणि वाकड्या कमरेने उभा राहिला.

"अगं बाई!" माझी आत्या किंचाळली. "हा त दादाच!"

कोणी हसले नाही. माझे वडील कमरेच्या दुखण्याने पाटावरून अगदी असेच उठत. आत्याने डोळ्यांना पदर लावला. "चल रे दादा, घरी चल."

आणि तो निघाला! गावाकडे पाठ करून नव्हे, आमच्या मागोमाग, खूर घासत.

"सोडलेला गोऱ्हा घरी नेता येत नाही!" भटजी ओरडले.

"आमी कुठं नेऊन राहिलो? तो आपल्या पायानं येऊन राहिला!" आत्या म्हणाली.

तेव्हापासून तो आमच्या ओसरीपुढे, वडील बसत त्याच जागी बसतो. वडील मार्गाला लागले की नाही, कोणाला विचारू? रोज संध्याकाळी त्याच्या पुठ्ठ्याखाली खांदा देऊन मी त्याला उठवतो. वडिलांनी मला कधी असा आधार देऊ दिला नव्हता. हा देऊ देतो, पण उभा राहिला की चांगल्या पायावर भार टाकून दुसऱ्याने लाथ मारतो.

त्यामुळे गुरांचा अधू पाय कोणता, हे आता मला अचूक ओळखता येते. ज्याची लाथ बसते, तो!