मोहाखालच्या सरळ रेषा

माणूस जातो, पण त्याचं कर्तव्य सुटत नाही... हे वाक्य मी अनेक शोकसभांत ऐकलंय, आणि दर वेळी घड्याळ पाहिलंय. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता.

साल २००६. मी दरेकशाच्या शाळेत शिक्षक. शुगर निघाल्यापासून रोज संध्याकाळी टेकडीच्या जंगलात फिरायचो. चढावर झुनाबाईचं मोहाचं झाड होतं. तिचा नवरा पौषात वारला, त्यात तिचा पाय प्लास्टरमध्ये. आणि इथला रिवाज असा, की होळीपर्यंत झाडाखालचा पाला झाडून ठेवला नाही, तर त्या साली फुलं वेचायचा हक्क गेला. तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ, त्याचीच वाट बघत होता.

मी ठरवलं, आपणच झाडू. खराटा घेऊन निघालो, तर वाटेत हाच जेठ.

"काऊन गुरुजी, शाळेतला चपराशी सुटीवर गेला का?"

"डॉक्टरनं व्यायाम सांगितलाय," मी म्हणालो.

अंधारापर्यंत निम्मंच झालं. खराटा खोडाला टेकवून परतलो. दुसऱ्या संध्याकाळी पाहतो, तर उरलेलं निम्मंही साफ! मातीवर माझ्या खराट्याच्या रेषा वाकड्या, या सरळ.

गावात विचारलं — कोणीच गेलं नव्हतं. मग मीही हट्टाला पेटलो. होळीच्या आदल्या दिवशी, ऊन असतानाच, समोरच्या खडकावर जाऊन बसलो. वारा सुटला, नवा पाला पडला. मी चष्मा पुसला... तेवढाच वेळ. पाला कडेला ढिगात, मातीवर ताज्या रेषा, खराटा जागेवर. पावलं एकाचीही नाहीत.

"कोण आहे?" मी ओरडलो. पळावंसं वाटलं, पण पळालो नाही. झाडाला दोन फेऱ्या मारल्या, आणि राहिलेली चार पानं स्वतः झाडली.

होळीला जेठ आला, जमीन पाहिली, आणि आल्या वाटेनं गेला. मोह झुनाबाईचाच राहिला.

ते कोणी झाडलं, हे मला आजही सांगता येत नाही. तेव्हा मात्र मी तिच्या अंगणात बसून, शोकसभेच्याच आवाजात म्हणालो, "झुनाबाई, मला वाटतं... तुमचे मालकच येऊन गेले."

ती खो-खो हसली.

"तो? काहीबी बोलता जी गुरुजी! बुढा जिता होता तवा एक दिवस खराटा हाती नाई घेतला त्यानं."