दहा किलो खमंग गुपित

लाकडाला लाकूड चिकटवण्यात माझी एकतीस वर्षं गेली, पण स्वतःचं तोंड बंद ठेवणं मला कधी जमलं नाही.

भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या प्लायवूडच्या कारखान्यात मी डिंक-प्रमुख आहे. (कागदोपत्री हुद्दा बराच लांबलचक आहे, घरात याच नावाने ओळखतात.) लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक ठेवायचे, मध्ये डिंक लावायचा, गरम प्रेसमध्ये दाबायचे, झाला प्लाय! आमचा नेहमीचा डिंक रसायनांचा. त्याचा वास इतका झोंबरा, की नवं कपाट घरी आलं की आठवडाभर माणसं उगाचच डोळे पुसत हिंडतात. म्हणून आमच्या शेठजींनी ठरवलं, सोयाबीनच्या पिठाचा डिंक करायचा. माळव्यात सोयाबीनला काय तोटा! इंदूरच्या एक मॅडम शाळांसाठी बाकं बनवतात. मुलांच्या नाकाशी रसायन नको, म्हणून त्यांना असाच प्लाय हवा होता. गुरुवारी त्या स्वतः चाचणी बघायला येणार होत्या.

आणि त्याच महिनाअखेरीला मला अठ्ठावन्न पूर्ण होऊन मी निवृत्त होणार होतो. शेठजींनी साफ सांगितलं होतं, "जोशीजी, ये जम गया तो दो साल और. नहीं जमा तो शॉल-श्रीफल."

शाल आणि नारळ! घरी बसून मी दिवसभर काय करणार? बोलणार. ऐकणार कोण? माझी बायको मंगल तर माझ्याहून जास्त घाबरली. ती उज्जैनची, मनातलं मनात ठेवत नाही. "अहो, काहीही करा, पण हे दोन साल घ्याच! मी चोवीस घंटे तुमचं नाही ऐकू शकत हं!"

पहिलं संकट उंदरांनी आणलं. चाचणीसाठी खास मागवलेल्या पिठाचं अर्धं पोतं त्यांनी कारखान्याच्या स्टोअरमध्ये फस्त केलं. शेजारच्या रसायनाच्या पिंपाला तोंडसुद्धा लावलं नाही. (नवा डिंक सर्वांत आधी त्यांनाच पसंत पडला!) उरलं जेमतेम दहा किलो. ते मी नव्या पिशवीत भरलं आणि स्कूटरवर पायांत धरून मिसरोदला घरी आणलं.

"काय रे हे?" आईने विचारलं. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. कान शाबूत, नाक त्याहून शाबूत.

आता एरवी मी या प्रश्नावर पाऊण तास बोललो असतो. पण शेठजींनी ताकीद दिली होती, "घर में भी नहीं बताना, धंदे का मामला है." तेव्हा आयुष्यात प्रथमच मी तोंडावर ताबा ठेवला. नेमका नको तेव्हा!

"सोयाबीनचं पीठ आहे," मी म्हणालो. "कशाला ते विचारू नकोस. फक्त जिवापाड जप. याच्यावर माझी नोकरी आहे."

"पिठावर?"

"पिठावर."

आईने माझ्याकडे, मग पिशवीकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाली. त्या 'बरं'ने मला धास्ती वाटायला हवी होती. पण मी निर्धास्त होऊन मंगलबरोबर तिच्या भाचीच्या लग्नाला दोन दिवस उज्जैनला निघून गेलो. तिथेही जेवताना मला पीठच दिसत होतं. दोनदा फोन केला. "पीठ कसं आहे?" आई म्हणाली, "छान आहे. तू जेवलास का?"

मंगळवारी मी पिशवी कारखान्यात नेली. तोंड दाभणाने नीटनेटकं शिवलेलं. उसवलं, तर काय सुवास! खमंग! मिक्सरवरची माणसं काम टाकून जवळ आली. शेठजी केबिनमधून बाहेर आले.

"क्या खुशबू है, जोशीजी!"

"सेठजी," मी छाती फुगवून म्हणालो, "असली माल की यही तो पहचान है!"

(हे वाक्य मी आजही आठवतो आणि एकटा असलो तरी कपाळावर हात मारून घेतो.)

पीठ जरा पिवळसर वाटलं. मी दोष ट्यूबलाइटला दिला. पाण्यात कालवलं, तर घट्ट पिठल्यासारखं व्हायच्या ऐवजी रवाळ झालं आणि तळाशी बसलं. दोष भोपाळच्या हवेला दिला. अजून घोटलं. अजून पीठ घातलं. दोन बोटांमध्ये धरून पाहिलं, तार येईना. घाम मात्र आला, आणि तो त्या डिंकाहून बराच चिकट होता. पण दुसरं पीठ आणायला वेळ नव्हता. पापुद्र्यांना तेच फासलं, प्रेसमध्ये घातलं आणि येतील तेवढी सगळी स्तोत्रं म्हटली.

बुधवारी संध्याकाळी घास उतरेना. आई सारखी निरखत होती. "पीठ कमी पडलं का रे?" मी नुसती मान हलवली. गुपित म्हणजे गुपित!

गुरुवारी मॅडम आल्या. पन्नाशीच्या, शांत, चष्म्यावरून बघणाऱ्या. असल्या बायकांची मला शाळेपासून भीती वाटते. प्लायचे चार तुकडे उकळत्या पाण्याच्या पातेल्यात सोडायचे, नंतर चिमट्याने काढायचे, आणि पापुद्रे सुटलेले नसावेत, ही चाचणी. मी चिमटा घेऊन पातेल्यापाशी उभा.

दहा मिनिटांत पहिला तुकडा उमलला. हो, उमलला! मग दुसरा. मग तिसरा आणि चौथा एकदमच. अळूच्या वडीने तळताना अंग सोडावं तसे सगळे पापुद्रे सुटून पाण्यावर तरंगायला लागले. वर आमटीसारखा पिवळा फेस आला, आणि सगळ्या शेडभर भूक लागेल असा वास सुटला.

"जोशीजी?" शेठजींचा आवाज बारीक झाला. "ये क्या हुआ?"

माझ्या डोळ्यांपुढे शाल आली. नारळ आला. आणि मी घाबरलेला माणूस जे करतो तेच केलं, दुसऱ्यावर ढकललं. "सेठजी, पीठवाले ने धोखा दिया! माल ही खराब था!"

"अभी लगाओ उसको फ़ोन," शेठजी गरजले.

मी खिशातून फोन काढला, तेवढ्यात तो वाजला. एका हातात चिमटा, दुसरा ओला. घाईत अंगठा पडला तो स्पीकरवर!

"अरे, पीठ पुरलं ना?" शेडभर आईचा आवाज घुमला. "नाहीतर डब्यात दोनेक किलो काढून ठेवलंय अजून. तेही भाजलेलंच आहे हो, काळजी नको!"

"भाजलेलं?" मी किंचाळलो.

"मग? कच्चट वास येत होता त्याला. या दमट हवेत दोन दिवसांत पोरकिडे झाले असते! तू म्हणालास जिवापाड जप. दोन दिवस मंद आचेवर बसून भाजलं, चाळलं, गार करून पिशवी शिवली. खांदा धरलाय माझा. पण तुझ्या नोकरीचं पीठ, म्हटलं कसर नको!"

"आई, त्याचा डिंक करायचा होता गं!"

मग आई म्हणाली, "खळ करायची होती? मग तसं बोलायचं की! भाजलेल्या पिठाची खळ होते का कधी? चिकटपणाच मरतो त्याचा. तुझ्या वह्यांना मी कव्हरं चिकटवायची ती काय भाजणीने? एकतीस वर्षं तिथे करतोस काय तू?"

हाच प्रश्न शेठजींच्या चेहऱ्यावरही होता. त्यांना मराठी फारसं येत नाही, पण तेवढं बरोबर कळलं. आणि तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. मॅडम चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

"आजींना नमस्कार सांगा," त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या. (इंदूरच्या मॅडम मराठी आहेत हे मला कुणी सांगितलं असतं तर!) "पीठवाल्याला फोन करायचा राहिलाच की तुमचा."

जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. पण आमच्याकडे त्या दिवशी फक्त प्लायच दुभंगत होता. मी शेठजींना सगळं खरं सांगितलं. आईने दोन दिवस खांदा मोडून घेतला होता, आणि मी मात्र एका निरपराध पीठवाल्याला चोर ठरवायला निघालो होतो. म्हणालो, "गलती मेरी है, सेठजी. न माल की, न माँ की." मॅडम म्हणाल्या, "सोमवारी परत येते. कच्च्या पिठाचा बनवून ठेवा."

नवं पीठ आणलं. सोमवारपर्यंत ते माझ्या खुर्चीखाली राहिलं आणि मी खुर्चीवर. या खेपेला डिंकाला तार आली. चारही तुकडे पाण्यात उकळले, उकळले आणि जसेच्या तसे बाहेर आले. मॅडमनी नखाने खरवडून पाहिलं, ढिम्म! माझे डोळे भरून आले. रसायनाचा एक थेंब जवळ नसताना!

अपराधी वाटून आईने डब्यातल्या त्या दोन किलो पिठाचे लाडू दिले होते. गुळाचा पाक तिच्याकडून जरा पक्का झालेला. आनंदाच्या भरात मी एक अख्खा तोंडात टाकला, आणि त्याच क्षणी शेठजी माझ्याकडे वळले.

"तो जोशीजी, दो साल और! बोलिए, क्या कहते हैं?"

किती वर्षं मी या क्षणाचं भाषण मनात तयार ठेवलं होतं! पण मी फक्त मान हलवली. मग आणखी एकदा.

"इकतीस साल में पहली बार इतना छोटा जवाब!" शेठजी गहिवरले.

त्यांना काय सांगू? तंबाखूच्या कृपेने माझी वरची-खालची बत्तिशी म्हणजे दोन कवळ्या आहेत. आणि ज्या पिठाने प्लायचे दोन पापुद्रे धरले नव्हते, त्याने आईच्या पाकात शिरून त्या दोन कवळ्या अशा काही सांधल्या होत्या, की उकळत्या पाण्यातसुद्धा सुटल्या नसत्या!