संक्रांत येवल्यात, दुसरा दिवस इंदिरानगरात

संक्रांतीला जोडून दोन दिवस रजा मिळाली आणि मी पुण्याहून नाशिकचं तिकीट काढलं. कारणं दोन होती. येवल्याची पतंगांची संक्रांत अजून पाहिली नव्हती, आणि वैशाली नाशिकला राहते. ऑफिसात मी फक्त पहिलं सांगितलं.

या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना वैशाली माहीत आहे. इथल्या बहुतेक सहली आम्ही दोघींनी केल्या. तिची नाशिकला बदली झाली, तरी वर्षातून दोनदा आम्ही कुठे ना कुठे जायचोच. मागच्या वर्षी तिची आई गेली, तेव्हा मी कोकणात एका ग्रुपबरोबर होते. मी परत फिरले नाही. मेसेज पाठवला, आणि त्याच संध्याकाळी सोलकढीचा फोटो टाकला. तेव्हापासून तिची उत्तरं बंद झाली.

पुण्याहून बसने साडेपाच तास लागले. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, विसरू नका. सीबीएस बसस्थानकाजवळ लॉजवर बॅग टाकून रिक्षाने गंगापूर रोडला मिसळ खायला गेले. शेतातलं हॉटेल, झोपाळे, चुलीवरचा काळा रस्सा, पापड, दही आणि वर जिलबी. दारातल्या माणसाने वहीत नाव लिहून घेतलं.

"किती जण?"

"एक."

"मग शेअरिंगमध्ये बसवतो, मॅडम."

एका कुटुंबाच्या टेबलाच्या कडेला बसले. त्यांनी अगत्याने दही पुढे केलं आणि पुन्हा आपल्या गप्पांत शिरले. मिसळ झकास होती. ते सांगायला शेजारी कुणी नव्हतं. संध्याकाळी पंचवटीत जाऊन आले, तिळाच्या वड्या घेतल्या, आठच्या आत खोलीवर.

संक्रांतीच्या सकाळी येवल्याची एसटी पकडली. निफाड, विंचूर करत सव्वादोन तास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, घडांना कागद गुंडाळलेले. ऊन स्वच्छ, हवेत गारवा. येवल्यात उतरल्यावर आधी आकाश दिसतं, गाव नंतर. प्रत्येक गच्चीवर माणसं, हलगी, स्पीकर.

मला पैठणीचा माग बघायचा होता. एका घरावर पाटी दिसली म्हणून आत डोकावले. पन्नाशीच्या रंजनाताई बाहेर आल्या.

"तीन दिवस माग बंद राहतो, ताई. सणाला कोण विणतंय?" मागावरच्या अर्ध्या मोराकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "बघून घ्या, मंग वर चला. एकट्याच आल्या का?"

"हो."

"बरंच झालं. माझी जाऊ देवळात गेलीये, आसारी धरायला कोणी नाय."

आसारी म्हणजे येवल्याची बांबूची चक्री, लांब दांड्याची. इथले कारागीरच ती बनवतात. पतंग उडवतो एक, आसारी सांभाळतो दुसरा. रंजनाताई पदर खोचून उभ्या राहिल्या आणि मला हुकूम सुटू लागले.

"ढील द्या! अजून! आता गुंडाळा, लय झोल पडलाय!"

पहिला पतंग माझ्यामुळे कटला. दुसऱ्याने समोरच्या गच्चीवरचे दोन कापले. मी कधी ओरडायला लागले ते मलाच कळलं नाही. धागा साधाच होता, तरी बोटं कापली. तासभर मी कुणाची तरी जोडीदार होते.

मग जाऊबाई आल्या. "द्या ताई, दमल्या असाल," म्हणत त्यांनी हसून आसारी घेतली. बरोबरच होतं, ती जागा त्यांचीच. मी कठड्याशी जाऊन रिकाम्या हातांनी उभी राहिले. रंजनाताईंनी तूप घालून गुळाची पोळी दिली.

दुसऱ्या दिवशी, न कळवता, रिक्षाने इंदिरानगरला गेले. वैशालीने दार उघडलं. केस जास्त पिकलेत तिचे.

"तू?"

"तिळगूळ द्यायला आले."

दारातून बाजूला होत म्हणाली, "ये."

भिंतीवर काकूंचा फोटो होता. बसमध्ये जुळवलेली वाक्यं तिथे आठवेनात. चहा झाला, तिने पुण्याच्या थंडीचं विचारलं. शेवटी मीच म्हणाले, "चुकलं माझं, वैशाली. मी यायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. कप बाजूला सारत पुढे म्हणाली, "फोटोचं काही नाही गं. मी चार दिवस गेटचा आवाज आला की बघत होते."

मी पिशवीतून वड्यांचा पुडा काढून पुढे धरला. तिने तो घेतला. मी उन्हाळ्यात कुठे जायचं का, असं विचारलं, तेव्हा तिने मान हलवली. "आत्ता नको. पुढचं माहीत नाही." जिन्यापर्यंत सोडायला मात्र आली.

दुपारच्या बसने संध्याकाळी घरी पोचले. येवल्याला जायचं असेल तर संक्रांतीला जा, टोपी न्या, बोटांना चिकटपट्टी लावा. नाशिकची खोली महिनाभर आधी बुक करा. आणि वर्षभर जे विचारत होते की वैशाली दिसत नाही, त्यांना मी कामाचं कारण सांगत आले, ते खोटं होतं. खरं काय ते वर लिहिलंय. ती रागावून ओरडली असती तर सोपं गेलं असतं. ती गेटकडे बघत होती, आणि ते चार दिवस मला आता कुठूनही परत आणता येणार नाहीत.