मागच्या आसनाचा अभ्रा

दाक्षिण्य हा गुण दिसायला सौम्य आणि पाळायला महाकठीण. शौर्याला रणभूमी लागते, विद्वत्तेला सभा लागते. दाक्षिण्याला समोर एक माणूस असला की पुरते. त्या माणसाचे मन दुखावू नये म्हणून ओठांवर आलेला शब्द गिळायचा, आपली गैरसोय हसून लपवायची, आणि हे सारे आपण करतो आहोत याचा सुगावाही त्याला लागू द्यायचा नाही. हे व्रत उद्यापनावाचून आयुष्यभर चालते. सज्जनांच्या लक्षणांत या गुणाला मानाचे स्थान आहे, आणि ते उचितच आहे. तथापि ज्याच्या अंगी तो फार मुरला, त्याची जीभ खरे बोलायच्या प्रसंगी कशी जड होते, हे मौनींच्या आयुष्याकडे पाहिल्यावर ध्यानात येते.

मौनी टॅक्सी चालवत. हे नाव त्यांना स्टँडवरच्या मंडळींनी दिलेले होते. तीस वर्षे रहदारीत काढूनही या गृहस्थाने कधी कुणाला अपशब्द वापरला नाही. प्रवाशाने पत्ता चुकीचा सांगितला, तर "माझंच लक्ष नव्हतं" असे म्हणून ते मुकाट्याने गाडी वळवत. जुनी डिझेलची टॅक्सी भंगारात गेली आणि त्यांनी हायब्रिड गाडी घेतली, तेव्हा स्टँडवर हशा पिकला. ही गाडी पेट्रोलवर चाले आणि बॅटरीवरही. गती मंदावली की इंजिन आपोआप बंद पडे आणि ती पावलांचा आवाजही न करता शेजारी येऊन उभी राही.

स्टँडवर भोंगा नावाने प्रसिद्ध असलेला एक टॅक्सीवाला होता. कोणतीही गोष्ट त्याच्या पोटात पाच मिनिटांपेक्षा अधिक राहत नसे. तो ओरडला, "घ्या! मौनींना गाडीसुद्धा मौनीच मिळाली! आता दोघं मिळून एखाद्याच्या अंगावर जातील आणि त्या बिचाऱ्याला दवाखान्यात गेल्यावर कळेल!"

मौनी हसले. त्या गाडीवर त्यांचा जीव जडला होता. ब्रेक हलक्या पावलाने दाबला की धावण्यातली शक्ती वाया न जाता बॅटरीत परत जमा होई, ही कल्पनाच त्यांना मोठी सात्त्विक वाटे. सिग्नल दूर असतानाच ते पाय उचलत आणि गाडी अशी थांबे की मागे पेंगणाऱ्याची मानही हलत नसे. गाडीबरोबर आलेले जाडजूड पुस्तक त्यांनी एखाद्या पवित्र ग्रंथासारखे कप्प्यात जपून ठेवले होते. आणि अशा ग्रंथांच्या वाट्याला जे येते ते त्याच्याही आले, ते कधी उघडले गेले नाही.

घरी ते आणि पत्नी अशी दोघेच. छापखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्या, आणि खिडकीपाशी शिलाई मशीन. पत्नीने सारी हयात शिवणकामात घालवली होती. परंतु एके वर्षी पक्षाघाताने तिचा उजवा हात लुळा पडला आणि मशीनवर कापड पांघरले गेले. व्यायामाने बोटांत थोडी थोडी जाग आली, तेव्हा एके दिवशी ती आपणहून म्हणाली, "अहो, तुमच्या गाडीच्या मागच्या सीटला अभ्रे शिवू का? साधंच काम आहे. जमलं तर जमलं."

त्या साध्या कामाला दीड महिना लागला. जाड पांढरे सुती कापड, कडेला निळी पट्टी. काम पूर्ण झाल्यावर तिने विचारले, "शिवण सरळ आलीय का हो?"

शिवण तीन ठिकाणी वाहवली होती. मौनी म्हणाले, "अगं, दोरी लावल्यासारखी!"

तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उजळले, त्यापुढे तीन वाकड्या टाक्यांची काय कथा! मौनींनी ते अभ्रे स्वतः चढवले, चुणी राहू नये म्हणून कडा आत खोचखोचून बसवले. मागच्या आसनाच्या कडेला, दाराजवळ, एक प्लास्टिकची जाळी होती. प्रवासी तिच्यात गोळ्यांचे कागद कोंबत. अभ्र्याने ती नीट झाकली गेली. मौनींना समाधान वाटले की आता आत कचरा जाणार नाही.

वर्ष सरले. उन्हाळ्यात मागच्या आसनाखालून घरघर ऐकू येऊ लागली, बॅटरी भरता भरेना आणि इंजिन थांबता थांबेना. मौनी काळजीत पडले. पण त्यांनी ती काळजी घरी सांगितली नाही. शेवटी एका दुपारी उड्डाणपुलाच्या चढावर समोर लाल त्रिकोण पेटला आणि गाडीचा दमच गेला. मागे मुलाखतीला निघालेला एक तरुण बसला होता. तो तडक उतरला आणि दार आपटत म्हणाला, "नुसती पांढरी चादर अंथरली म्हणून टॅक्सी होत नाही, काका!" आणि चढ पायीच चढू लागला. मौनींनी त्याच्या पाठीला नमस्कार केला.

दुरुस्तीच्या कारखान्यातल्या मिस्त्रीने अभ्रा ओढून काढला, त्या जाळीवर हात ठेवला आणि विचारले, "काका, ही कुणी झाकली?"

"का रे?"

"अहो, हे गाडीचं नाक आहे! आतली बॅटरी थंड राहायला इथनंच हवा ओढते. तुम्ही वर्षभर तिचं नाक दाबून पळवलंय. आत सगळी शिजलीय. बदलावी लागणार."

"मीच झाकली," मौनी म्हणाले. अभ्रा त्यांच्याच हातांनी चढवलेला असल्यामुळे हे असत्य नव्हते; परंतु संपूर्ण सत्यही नव्हते, आणि ही फट त्यांना पुढे चैन पडू देणार नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी "किरकोळ बिघाड आहे, आठवडाभर गाडी तिथेच राहील" एवढेच सांगितले. पत्नीने लगेच विचारले, "अभ्रे काढून ठेवलेत ना? मिस्त्री तेलकट हात लावतील."

"काढलेत."

"बरं झालं. हे बघा, भोंगाभावजींचे निम्मे झाले."

मौनींनी मशीनवरच्या कापडाकडे पाहिले. भोंग्याने तीन महिन्यांपूर्वी अगदी तीच गाडी घेतली होती आणि मौनींच्या आसनांकडे पाहून त्याला राहवले नव्हते. "वहिनी, मौनीला पांढरी गादी आणि मला काय गोणपाट?" असे म्हणत त्याने अभ्रे शिवायला सांगितले होते. दुखण्यानंतर तिला मिळालेले हे पहिले बाहेरचे काम. गुरुवारी सकाळी तो न्यायला येणार होता. मापे तीच, बेत तोच. म्हणजे त्याचीही जाळी तशीच झाकली जाणार होती.

मौनींची झोप उडाली. भोंग्याच्या कानात सांगावे, तर तासाभरात अख्ख्या स्टँडला कळणार की वहिनींच्या हाताने मौनींची गाडी बसली. पत्नीला सांगावे, तर नुकता जागा झालेला तो हात पुन्हा मांडीवर निजून राहील. आणि गप्प बसावे, तर मित्राच्या पोटावर पाय. तीन दिवस ते शब्द जुळवत राहिले. ती मशीनवर वाकलेली दिसली की जुळवलेले विस्कटे. "काय हो, काही हवंय का?" ती विचारी. "छे, काही नाही," हे त्यांचे उत्तर.

बुधवारी दुपारी ती शेजारणीबरोबर व्यायामासाठी दवाखान्यात गेली. मौनींनी भोंग्याचा तयार अभ्रा पलंगावर पसरला आणि मशीनच्या खणातली मोठी कात्री घेतली. जाळी येईल तिथे हळूच एक खिडकी कापावी आणि भोंग्याने विचारलेच तर नवी तऱ्हा म्हणून सांगावे, असा हा बेत होता. आयुष्यात कधी कापड न कापलेला माणूस बोटांनी अदमासे माप घेत होता. कात्री अर्धी वीत तिरकी गेली आणि दार उघडले. डॉक्टर आले नव्हते म्हणून पत्नी परतली होती.

तिची नजर कात्रीवर गेली. मग म्हणाली, "काय करताय?"

"त्याला जरा..."

"माझं कापड कापताय? मला न विचारता?"

मौनींनी कात्री खाली ठेवली. इलाज उरला नव्हता. जाळी, हवा, शिजलेली बॅटरी, मिस्त्रीचे शब्द, सारे त्यांनी सांगितले. आयुष्यात प्रथमच काहीही न गाळता.

ती खुर्चीवर बसली. "म्हणजे गाडी माझ्या अभ्र्यानं गेली."

"चढवले मी. पुस्तक वाचलं नाही मी."

"ते राहू द्या. किती दिवस झाले कळून?"

"चार."

"चार दिवस मी इथं बसून दुसऱ्याच्या गाडीची वाट लावत होते आणि तुम्ही माझ्यासमोर चहा पीत होता!" तिचा स्वर चढला नाही, आणि म्हणूनच तो मौनींना अधिक लागला. मग तिने विचारले, "शिवण सरळ होती का?"

"अगं, आता ते कशाला..."

"होती का?"

"नव्हती."

"कुठं?"

"पाठीच्या कडेला. तीन ठिकाणी."

"आणि हा हात? बराच सुधारलाय म्हणता रोज. तेही असंच का?"

दोन वर्षे ज्या शब्दांनी त्यांनी तिला सावरले होते, ते सारेच शब्द तिने आता एकेक उचलून तपासायला घेतले होते, आणि त्यांतले कोणते खरे होते हे त्यांनाही पुरते सांगता येईना.

गुरुवारी भोंगा आला तो जिन्यावरूनच हाका मारत. तिने त्याला बोलूच दिले नाही. "भावजी, अभ्रे आज मिळणार नाहीत. तुमच्या मित्राची बॅटरी माझ्या शिवणीनं गेलीय. आधी खाली चला, तुमच्या गाडीचं माप घेते." भोंग्याच्या गाडीत वाकून तिने लुळा हात त्या जाळीवर ठेवला. भोंग्याने गाडी चालू केली. "हवा लागतेय का, वहिनी?" तिने नकारार्थी मान हलवली. "मला या हाताला कळत नाही," असे म्हणत तिने डावा हात ठेवला. मौनी मागे उभे होते. सवयीने त्यांच्या तोंडी आले होते की हळूहळू कळेल. ते त्यांनी गिळले.

दुपारपर्यंत सारा स्टँड हसत होता. त्याच सुमारास आणखी दोन हायब्रिडवाले आपापली मागची आसने उचकटून पाहत होते, आणि त्यांतल्या एकाची जाळी खरोखरच सतरंजीखाली सापडली.

मौनींची गाडी नव्या बॅटरीवर पुन्हा धावू लागली. तिच्यावर अभ्रे मात्र चढले नाहीत. पत्नीने शिवले नाहीत आणि त्यांनी मागितले नाहीत. घरात भांडण असे झालेच नाही. फक्त त्यांनी काही चांगले म्हटले की ती थांबून विचारी, "खरंच?" आणि ते थोडा वेळ घेऊन उत्तर देत. कधी ते उत्तर तिला आवडे, कधी नसे. जे तीस वर्षांत शिकायचे राहिले, ते त्यांनी उरलेल्या तीन वर्षांत अडखळत शिकून घेतले. पण त्या प्रश्नातली शंका पूर्णपणे गेली, असे म्हणता येणार नाही.

एका सकाळी स्टँडवर रांगेत उभे असताना त्यांचे हृदय थांबले. हॅण्डब्रेक ओढलेला होता.

या गोष्टीला दोन वर्षे झाली. गाडी भोंग्याच्या मेहुण्याने घेतली असून ती रोज रस्त्यावर असते. पत्नी त्याच माडीवर राहते आणि दुकानांसाठी कापडी पिशव्या शिवते. शेजारणी प्रत्येक पिशवी छान झाली म्हणतात. वाकडी कुठे झाली, हे सांगणारे आता घरात कुणी नाही.