हातोड्याचा टवका

रामहरीला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. जेवतानाही त्याची मांडी हलायची. कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं त्याचं काम मात्र डोळ्याचं पातं लवायच्या आत संपायचं. दोन लांब सळयांमध्ये धातूचा बोराएवढा तुकडा धरायचा आणि हवेच्या दाबानं तिसरी सळई सोडून जोरात आदळवायची. तुकडा चेपला की फुटला, ते डोळ्यांना दिसायचं. पण किती मार सोसून, हे सळईवर चिकटवलेली पातळ पट्टीच टिपायची.

आज त्याची घालमेल वेगळीच होती. धाकटा भाऊ तानाजी साखर कारखान्यात ऊस फोडणाऱ्या यंत्राजवळ उभा राहायचा. त्या यंत्रात गरगर फिरणाऱ्या यंदाच्या नव्या हातोड्यांपैकी एकाचा बसवतानाच टवका उडाला, तोच त्यानं आणून दिला होता. घासून घासून त्यातून चाचणीजोगा एकच तुकडा निघाला. उद्या दसऱ्याला गाळप सुरू. फिरता फिरता हातोडा फुटला तर?

रामहरीनं प्रयोगशाळेचं दार उघडलं. सळई चकचकीत, वर हळदीकुंकू, झेंडूचं फूल. पट्टी गायब.

“मावशी, हिथली पट्टी?”

खंडेनवमीसाठी यंत्रं पुसत असलेल्या छबुबाई म्हणाल्या, “ते मळकं कागूद? नखानं खरवडलं. पूजेला आसलं ठिवत्यात व्हय?”

“आवं, त्यो यंत्राचा कान हुता!”

“मग आदी कावून सांगितलं न्हाई, भाऊ? कानाला बी कुकू लावलं आसतं.”

नवी पट्टी चिकटवली तरी पक्की व्हायला उद्याची संध्याकाळ होणार. त्यानं तानाजीला फोन लावला.

“दादा, आकडा आसंल तर सायबाला दाखवतो. नुस्ता भिऊन घरी बसलो तर समदे हसतील.”

रामहरी व्हरांड्यात गेला, आत आला, पुन्हा बाहेर गेला. थांबलं तर आकडा मिळणार, पण यंत्र फिरायला लागल्यावर. शेवटी त्यानं पट्टीशिवायच सळई सोडली. खाडकन आवाज झाला. तुकडा चेपलाच नव्हता. काचेसारखा त्याचा चुरा झाला होता.

चुऱ्याची पुडी खिशात घालून, मोटारसायकलवर धारूरचा घाट उतरून त्यानं कारखान्याचं गेट गाठलं. तानाजीनं पुडी तळहातावर उघडली. त्याचं हसू मावळलं.

“आकडा?”

“न्हाई.”

“ऱ्हाऊ दे. उद्या रजा टाकतो.”

रामहरीच्या जिवात जीव आला. त्यानं गाडीला किक मारली. मग विचारलं, “तुझ्या जागी कोण हाय?”

“भागवत. आपल्या शेजारच्या भामाकाकूचा.”

रामहरीनं गाडी बंद केली, पुडी परत मागून घेतली आणि विचारलं, “तुझा सायब कुठं बसतो?”